खान्देशातून गणिताची पदवी: बारावीपासून पहिल्या पगारापर्यंत

बारावीला गणितात ९५ गुण पडले म्हणजे गणिताची पदवी झेपेलच असे नाही, आणि ६५ पडले म्हणून झेपणार नाही असेही नाही. बारावीपर्यंत बहुतेक वेळा प्रश्नाचा प्रकार ओळखायचा, त्याची रीत आठवायची आणि उत्तर काढायचे असते. विद्यापीठातल्या गणितात रीत कमी आणि सिद्धता जास्त. अमुक विधान खरे का, कोणत्या अटीवर खरे, ती अट काढून घेतली तर कुठे मोडते, हे विचारले जाते. हा बदल आधी कोणी सांगत नाही, म्हणून एफ.वाय.च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चांगली चांगली मुले गांगरतात.

तेव्हा प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी घरच्या घरी एक चाचणी घ्या. खालचे तीन प्रश्न वहीत उतरवा आणि आठवडाभर जवळ ठेवा. मोबाईलवर उत्तर शोधायचे नाही.

१. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिच्या घनातून तीच संख्या वजा करा. उत्तराला नेहमी ६ ने भाग जातो. का?
२. १, ३, ५, ७ अशा पहिल्या न विषम संख्यांची बेरीज नेहमी न चा वर्ग येते. आधी चित्राने पटवा, मग चित्राशिवाय सिद्ध करा.
३. कोणतीही सहा माणसे घेतली तर त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघे किंवा एकमेकांना मुळीच न ओळखणारे तिघे सापडतातच. पाच माणसांत मात्र तसे होईलच असे नाही. दोन्ही गोष्टी दाखवा.

तीनही सुटले पाहिजेत असे नाही. तिसरा सुटत नसताना तो डोक्यात घोळत राहतो का, जेवताना पुन्हा त्याच्याकडे मन वळते का, एवढेच पाहा. वळत असेल तर गणिताला या. दुसऱ्याच दिवशी 'याचे उत्तर काय ते सांगून टाका' असे वाटत असेल, तर संख्याशास्त्र, संगणक किंवा वाणिज्य शाखेचा विचार करा. तिथेही गणित लागते, पण वेगळ्या चवीचे.

कुठे शिकायचे

आपल्याकडे या बाबतीत सगळ्यात मोठे नुकसान उशिरामुळे होते. बंगळुरू येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.मॅथ., कोलकात्यात तिचाच बी.स्टॅट., चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित व संगणकशास्त्राचा बी.एस्सी., पुण्यासह सात ठिकाणच्या आयसर संस्था, भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईचे मूलभूत विज्ञान केंद्र ही पदवीपासून गंभीर गणित शिकवणारी ठिकाणे आहेत. आयसरसाठी आयएटी, नायसर व मुंबईच्या केंद्रासाठी नेस्ट आणि सांख्यिकी संस्था व चेन्नईसाठी त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात. हे फॉर्म निकालाची वाट पाहत नाहीत, ते बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरावे लागतात. निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणाऱ्या मुलाचे ते वर्ष तिथेच संपते. सांख्यिकी संस्थेच्या पदवीला विद्यावेतनही मिळते, त्यामुळे 'बाहेर शिकायला परवडणार नाही' हे गृहीत धरू नका. या परीक्षांची तयारी जेईईपेक्षा वेगळी आहे. सांख्यिकी आणि चेन्नईच्या परीक्षांच्या एका भागात उत्तरासोबत कारणही लिहावे लागते. वरचे तीन प्रश्न त्याच जातीचे आहेत.

तिथे जमले नाही, किंवा घर सोडणे शक्य नाही, तरी काही बिघडत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या जळगावच्या परिसरात गणितशास्त्र प्रशाळा आहे आणि तिथे एम.एस्सी.पर्यंत शिकता येते. पदवीसाठी जळगाव, अमळनेर, भुसावळ, धुळे, शहादा, नंदुरबार, चोपडा अशा गावांतली जुनी महाविद्यालये आहेत.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. गणित विभागात जाऊन चार गोष्टी विचारा. कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? टी.वाय.पर्यंत गणित हा मुख्य विषय म्हणून चालतो का, की विद्यार्थी कमी पडले की बंद होतो? ग्रंथालयात मुलांना स्वतः कपाटापाशी जाता येते का? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी जॅम (आयआयटीच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) दिली आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' मिळाले आणि त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळाला, तर तो मार्गदर्शन वर्गापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मायनर कोणता घ्यायचा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम, विषय घ्यावा लागतो. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथे वर्ष संशोधनासह करता येते. चार वर्षे केली तर पुढची एम.एस्सी. एका वर्षाची. मायनर मात्र बहुतेक मुले मित्राने घेतला म्हणून घेतात, आणि त्याची किंमत पाच वर्षांनी कळते.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे संख्याशास्त्र घ्या, नसेल तर संगणकशास्त्र. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिच्या पात्रतेत पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असणे, किंवा त्या विषयातली पदव्युत्तर पदवी, अशी अट आहे. नुसत्या गणितावर ते दार बंद राहते. विमा गणित आणि डेटाच्या नोकऱ्यांतही पहिल्या मुलाखतीत विचारतात ते संभाव्यता आणि संख्याशास्त्रच. भौतिकशास्त्र ज्याला खरोखर आवडते त्याने ते जरूर घ्यावे, पण 'प्रॅक्टिकलचे गुण मिळतात' एवढ्यासाठी घेऊ नये.

पहिले वर्ष: व्याख्या पाठ, पण कशा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकाची भीती वाटते. ती पंधरा दिवसांची आहे, कारण गणिताच्या पुस्तकातले इंग्रजी फार थोड्या शब्दांवर चालते. एक वेगळी वही करा. पानाचे तीन भाग पाडा. पहिल्यात पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी, दुसऱ्यात तिच्यात बसणारी दोन उदाहरणे, तिसऱ्यात न बसणारी दोन उदाहरणे आणि ती कोणत्या शब्दापाशी अडतात ते. तिसरा भाग रिकामा राहिला तर ती व्याख्या समजलेली नाही असे समजा. संततता आणि अवकलनक्षमता यांतला फरक पाठ करून राहत नाही. निरपेक्ष मूल्याचा आलेख शून्यापाशी संतत आहे पण तिथे त्याचे अवकलन होत नाही, हे एक उदाहरण वहीत असले की फरक आयुष्यभर राहतो.

पहिल्या वर्षी सगळ्यांना अडवणारी जागा म्हणजे क्रमिकेच्या (सीक्वेन्सच्या) सीमेची एप्सिलॉनची व्याख्या. तिथे नेमके काय चुकते ते एका गणितावर पाहू.

क्रमिका घ्या: (३न + १) / (२न + ५), जिथे न म्हणजे पदाचा क्रमांक. तिची सीमा ३/२ आहे हे सिद्ध करायचे आहे. बारावीची रीत म्हणजे अंश आणि छेद दोन्हींना न ने भागा आणि न अनंताकडे न्या. उत्तर बरोबर येते, पण ही सिद्धता नव्हे. व्याख्या म्हणते: एप्सिलॉन ही कितीही लहान धन संख्या दिली, तरी असा एक क्रमांक मोठा-न सापडला पाहिजे की त्याच्यापुढच्या प्रत्येक पदाचे सीमेपासूनचे अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी असेल.

पहिली पायरी कच्च्या कागदावर: अंतर काढा. पदातून ३/२ वजा केल्यावर अंशात (६न + २) वजा (६न + १५), म्हणजे उणे १३ उरतो आणि छेदात २(२न + ५). तेव्हा अंतर १३ / (४न + १०).

दुसरी पायरी: हे अंतर सोप्या आणि थोड्या मोठ्या राशीने झाका. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, म्हणून अंतर १३ / (४न) पेक्षा कमी. मुले इथे घाबरतात, 'आपण किंमत बदलली' असे म्हणतात. बदलली नाही, वरून झाकली. आपल्याला नेमके अंतर नको आहे, ते लहान आहे एवढीच खात्री हवी आहे.

तिसरी पायरी: १३ / (४न) एप्सिलॉनपेक्षा कमी केव्हा? न हा १३ / (४ × एप्सिलॉन) पेक्षा मोठा असेल तेव्हा.

चौथी पायरी पक्क्या वहीत, आणि इथे क्रम उलटा: 'एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या घेऊ. १३ / (४ × एप्सिलॉन) पेक्षा मोठी एक पूर्ण संख्या मोठा-न म्हणून निवडू. आता मोठा-न किंवा त्यापुढच्या कोणत्याही न साठी अंतर १३ / (४न) पेक्षा कमी, आणि ते एप्सिलॉनपेक्षा कमी.' संपले.

आकडे घालून पडताळा. एप्सिलॉन ०.०१ असेल तर आपली निवड ३२५ पेक्षा मोठी, म्हणजे ३२६. प्रत्यक्षात ३२३ पासूनच काम भागते. तरीही आपली सिद्धता पूर्ण बरोबर आहे, कारण व्याख्या सगळ्यात लहान क्रमांक मागतच नाही. त्या सगळ्यात लहान क्रमांकाच्या मागे लागून मुले तासन्‌तास घालवतात.

चुका तीन ठरलेल्या. पहिली, कच्च्या कागदावरचा क्रमच उत्तरपत्रिकेत उतरवणे, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच धरून चालणे. असे चालले तर काय होते पाहा: उणे १ बरोबर १ असे धरा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ बरोबर १ हे खरे विधान मिळते. सुरुवात खोटी असूनही शेवट खरा आला. म्हणून शेवट खरा आला यावरून सुरुवात खरी ठरत नाही. दुसरी चूक 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांची अदलाबदल. 'असा एक मोठा-न आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी' असे लिहिले तर एकच क्रमांक सगळ्या एप्सिलॉनना पुरला पाहिजे. मग त्यापुढच्या प्रत्येक पदाचे अंतर शून्यच असावे लागेल, आणि क्रमिका तिथून पुढे स्थिर होईल. दोन शब्दांची जागा बदलली आणि विधानच दुसरे झाले. तिसरी चूक म्हणजे मोठा-न निवडताना त्याच्यात न येऊ देणे. मोठा-न फक्त एप्सिलॉनवर अवलंबून असू शकतो.

या एका गणितावर दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या. पुढे संतत फलन, एकसमान अभिसरण, मेट्रिक अवकाश सगळीकडे हाच सांगाडा पुन्हा येतो. एफ.वाय.ला हे पक्के न करता गाईडमधली उत्तरे पाठ करून ७० टक्के मिळवता येतात, ही आपल्या परीक्षापद्धतीतली खरी अडचण आहे. ते ७० टक्के टी.वाय.ला जॅमच्या पेपरसमोर उपयोगी पडत नाहीत.

रोजचा अभ्यास आणि एस.टी.चा प्रवास

गणिताच्या तासाइतकाच वेळ घरी द्यावा लागतो, आणि तो त्याच दिवशी. तासाला झालेले प्रमेय संध्याकाळी वही मिटवून कोऱ्या कागदावर लिहायचे. जिथे हात थांबेल तिथे खूण करायची, वही उघडून तेवढीच ओळ पाहायची आणि पुन्हा मिटायची. आठवड्यातून दोन दिवस दीड-दोन तास फक्त उदाहरणसंग्रहासाठी ठेवा. एका प्रश्नाला किमान ४० मिनिटे प्रयत्न केल्याशिवाय उत्तर पाहू नका.

खेड्यावरून रोज पासवर ये-जा करणाऱ्यांचे दोन-तीन तास गाडीत जातात. हलत्या एस.टी.त वही काढून गणित सोडवणे जमत नाही, पण एक काम तिथे फार छान होते: मनातल्या मनात प्रमेय उभे करणे. अट काय होती, ती कोणत्या ओळीत वापरली, ती नसती तर? संध्याकाळच्या गाडीत हा प्रश्न त्या दिवशीच्या प्रत्येक प्रमेयाला विचारा. अट कुठे वापरली हेच आठवत नसेल तर सिद्धता पाठ झाली आहे, समजलेली नाही.

एकट्याने गणित होत नाही. तीन ते पाच जणांचा गट करा, आठवड्यातून एकदा रिकाम्या वर्गात बसा. एकाने वहीशिवाय फळ्यावर ४० मिनिटे एक प्रमेय मांडायचे, बाकीच्यांनी प्रत्येक 'म्हणून' पाशी थांबवून 'कशावरून?' विचारायचे. गट पाचांच्या वर गेला की दोघे बोलतात आणि बाकीचे लिहून घेतात. एकत्र बसून ग्रंथ शिकण्याची ही रीत खान्देशात जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापल्याची नोंद आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि तिथल्या बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिल्याचे त्यात लिहिले आहे. पाटणादेवीला सहलीला जाणाऱ्या गणिताच्या प्रत्येक मुलाला हे माहीत असावे असे मनापासून वाटते.

पुस्तके थोडी, पण पूर्ण. विश्लेषणाला बार्टल आणि शेरबर्ट, ग्रुप थिअरीला गॅलियन, एवढे दोन नीट सोडवले तरी पदवीचा पाया पक्का होतो. ग्रंथालयात जुनी आवृत्ती असेल तर तीच घ्या, गणित बदललेले नसते. शिकवणाऱ्याची उणीव वाटली तर एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. फक्त व्याख्यान थांबवून स्वतः पुढची ओळ लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरे वर्ष: इथे ठरते

एस.वाय.ला रेषीय बीजगणित, ग्रुप थिअरी, अनेक चलांचे कलन आणि अवकल समीकरणे येतात. यांपैकी रेषीय बीजगणितावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जॅम, नेट (प्राध्यापकपद आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा), डेटाची नोकरी आणि एम.एस्सी., चारही ठिकाणी ते लागते. मॅट्रिक्सची आकडेमोड करून थांबू नका. १, १ ही पहिली ओळ आणि ०, १ ही दुसरी ओळ असलेली २×२ मॅट्रिक्स घ्या. तिचे आयगन मूल्य एकच, १, तेही दोनदा. तरी ती कर्णरूपात आणता येत नाही. का, हे स्वतःच्या शब्दांत पानभर लिहा. ग्रुप थिअरीत लाग्रांजचे प्रमेय (उपग्रुपच्या घटकसंख्येने ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जातो) शिकलात की लगेच त्याचा व्यत्यास तपासा: चार वस्तूंच्या सम क्रमचयांच्या ग्रुपमध्ये १२ घटक असतात, ६ ने १२ ला भाग जातो, पण ६ घटकांचा उपग्रुप त्यात नाही. जॅमच्या बहुपर्यायी प्रश्नांत मुले नेमकी अशाच जागी पडतात. अशा प्रतिउदाहरणांची वही टी.वाय.पर्यंत शंभरेक नोंदींची व्हावी.

याच वर्षी करायच्या आणखी दोन गोष्टी. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा असते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ती घेतात. गुण कमी पडले तरी तिचे जुने पेपर सोडवणे हाच मोठा लाभ आहे. दुसरी गोष्ट एमटीटीएस, १९९३ पासून चालणारे गणिताचे उन्हाळी प्रशिक्षण. निवड झालेल्यांना सुमारे चार आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रश्न विचारून विचारून गणित शिकवतात. अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी मागवतात आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते, म्हणून सरांना शेवटच्या दिवशी गाठू नका.

पायथनही इथेच शिका. आधी संपूर्ण भाषा शिकू असे म्हणून बसू नका. न्यूटनची रीत, मॅट्रिक्सचा गुणाकार, फासे दहा हजार वेळा टाकून संभाव्यता पाहणे, अशा छोट्या छोट्या कामांतून शिका. लेटेक या गणित टंकायच्या प्रणालीत सिद्धता टंकायला एका सुट्टीत शिकता येते आणि पुढे प्रकल्प अहवालाला ते लागतेच.

तिसरे वर्ष आणि जॅम

आयआयटीच्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते, तिचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. म्हणजे टी.वाय.चे पहिले सत्र अर्धे होण्याआत. आपल्या महाविद्यालयांत त्या सुमारास प्रवेश आणि परीक्षांचीच धावपळ चालू असते, त्यामुळे ही तारीख तुम्हीच ध्यानात ठेवायची.

पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात ३० प्रश्न, एकच पर्याय बरोबर. त्यांतले १० एका गुणाचे, २० दोन गुणांचे. चुकले तर गुणाचा एक तृतीयांश वजा. दुसऱ्या भागात दोन गुणांचे १० प्रश्न, एक किंवा अधिक पर्याय बरोबर. वजा गुण नाहीत, पण सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय गुणही नाहीत. तिसऱ्या भागात २० प्रश्न, उत्तर संख्येत भरायचे, तिथेही वजा गुण नाहीत.

यावरून डावपेच ठरतो. पहिल्या भागात चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने सरासरी फायदा शून्य, सोडून द्या. एक पर्याय निश्चित चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांतून अंदाज केल्यास सरासरी नवमांश गुणाचा फायदा होतो, तेव्हा उत्तर द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात कोरे काहीच ठेवू नका. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा आणि ते डिसेंबरच्या आधी सुरू करा. जानेवारीत सुरू केले तर चुकांचे कारण शोधायला वेळ उरत नाही.

जॅमसोबत विद्यापीठांचे अर्ज मात्र चालू ठेवा. जळगावची प्रशाळा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, हैदराबाद, असे तीन-चार तरी. एका परीक्षेवर वर्ष टांगू नये.

नोकरी: काय खरे आहे

खान्देशात गणित घेतले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर शिक्षकाची नोकरी येते. ती वाट आहे, पण पूर्वीइतकी सरळ नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर डी.एल.एड., सहावी ते आठवीला पदवीसह डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). भरतीसाठी त्यावर टीएआयटी, २०० गुणांची संगणकावरची परीक्षा, आणि मग शासनाच्या पवित्र पोर्टलवरून निवड. भरतीत खंड पडतात, म्हणून बी.एड. झाल्यावर फक्त भरतीची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. कनिष्ठ महाविद्यालयाला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि त्यासाठी एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट हवी. राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेते: पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा विषयाचा २०० गुणांचा, वजा गुण नाहीत, आणि बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्के पात्र ठरतात. सीएसआयआर नेट कठीण आहे. २०० गुण, तीन भाग. शेवटच्या भागात ६० पैकी फक्त २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण, वजा गुण नाहीत. तिथे वेग कमी आणि निवड जास्त महत्त्वाची: चार विषय खोलवर तयार असलेला विद्यार्थी दहा विषय वरवर वाचलेल्याच्या पुढे जातो. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएच.डी.साठी दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे.

पण सेट झाली म्हणजे जागा मिळाली असे नाही. कायम जागा निघेपर्यंत बहुतेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यात पैसे तासावर मिळतात आणि सुट्टीत मिळत नाहीत. हे किती वर्षे करायचे याची मर्यादा घरच्यांशी बोलून आधीच ठरवा. दोन-तीन वर्षे आणि सोबत पीएच.डी. ठीक. त्यापुढे दुसरी वाट चालू हवी. आणि कायम जागेसाठी कोणी लाखांनी पैसे मागितले, तर शेत गहाण टाकून तो व्यवहार करू नका. तो बेकायदेशीर आहे, आणि मान्यता अडली तर पैसे परत मागायला कागद नसतो.

शिकवण्यापलीकडे पाहायचे तर विमा गणित ही गणिताच्या मुलाला सगळ्यात शोभणारी वाट आहे आणि खान्देशात तिचे नाव फार कमी जणांनी ऐकले आहे. विमा आणि निवृत्तिवेतनाच्या रकमा ठरवणारे हे तज्ज्ञ. भारतीय विमागणिती संस्थेची एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, मग डझनभर पेपर एकामागून एक द्यायचे, बहुतेक जण नोकरी करत करत देतात. पहिले तीन-चार पेपर झाले की मुंबई-पुण्यात नोकरीची मुलाखत मिळू लागते. मात्र प्रत्येक पेपरला फी आहे आणि नापास होणे सर्रास आहे, तेव्हा पाच-सात वर्षांची तयारी ठेवा.

डेटाच्या नोकरीसाठी नुसती पदवी दाखवून चालत नाही. संख्याशास्त्र, पायथन, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि स्वतः केलेली दोन-तीन कामे लागतात. काम घरचेच घ्या: बाजार समितीतले केळीचे किंवा कापसाचे रोजचे भाव, पावसाच्या नोंदी, त्यांची तुलना. तयार संचावर केलेल्या त्याच त्या प्रकल्पापेक्षा मुलाखतीत यावर जास्त बोलता येते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला गणित हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर, मिळून ५०० गुण. पण पदवीचे गणित पक्के असेल तरच तो घ्या.

फी आणि कागदपत्रे

राज्यातल्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून मिळतात. अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाने करावा लागतो. आधार बँक खात्याशी जोडलेले नसले तर मंजूर रकमही अडकते. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयंम योजना आहे. नंदुरबार-धुळ्याकडच्या मुलांनी वसतिगृहात नंबर लागला नाही की लगेच तिची चौकशी करावी. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत.

शेवटची गोष्ट जॅम, नेट आणि सांख्यिकी संस्थेच्या फॉर्मसाठी. राज्याच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या संस्थांत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले, चालू काळातले नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहावे लागते. ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्रही त्या त्या आर्थिक वर्षाचे लागते. सेतू केंद्रात अर्ज दिल्यापासून हातात कागद पडेपर्यंत आठवडे जातात, म्हणून जून-जुलैतच अर्ज टाका, आणि मिळालेल्या प्रमाणपत्रावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षर न्‌ अक्षर जुळते का ते तिथेच खिडकीपाशी तपासा.